नवा कर्नल आला तरी जुना काढू नका

मी कोकणातल्या एका तंत्रनिकेतनात संगणक प्रयोगशाळा सांभाळते. मुलांच्या मशीनवर उबुंटू, कोपऱ्यातल्या फाइल सर्व्हरवर डेबियन आणि माझ्या लॅपटॉपवर फेडोरा. कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्या मधला प्रणालीचा गाभा, तिन्हींत लिनक्सचाच. तरी अपडेट आला की प्रत्येकाशी मी वेगळी वागते, कारण प्रत्येक डिस्ट्रोची, म्हणजे लिनक्सभोवती बांधलेल्या अशा प्रत्येक प्रणालीची, कर्नल देण्याची रीत वेगळी आहे. "मॅडम, अपडेट विचारतोय, देऊ का?" असं मुलं विचारतात, तेव्हा मी आधी त्यांना टर्मिनल उघडायला लावते. सध्या कुठला कर्नल चालू आहे आणि नवा बिघडला तर परत कुठे जायचं, हे माहीत नसताना 'हो' म्हणू नये.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करा.

सध्या काय चालू आहे?

'युनेम -आर' दिलं की चालू कर्नलचं नाव दिसतं. बहुतेक जण इथेच थांबतात. डेबियन १२ वर ही आज्ञा ६.१.०-१३-एएमडी६४ असं काहीतरी सांगते आणि बघणाऱ्याला वाटतं, हा ६.१ चा पहिलाच कर्नल, म्हणजे फार जुना. तसं नाही. त्यातलं ६.१.० हे नुसतं नाव आहे. शेवटचा १३ हा डेबियनचा स्वतःचा क्रमांक आहे आणि कर्नल व त्याची मॉड्यूलं (गरजेप्रमाणे कर्नलला जोडले जाणारे तुकडे) यांची जोडी बदलली की तो वाढतो. खरी आवृत्ती पाहायची तर 'युनेम -व्ही' द्या. तिथे ६.१.५५-१ असं दिसेल. म्हणजे मूळ ६.१ मालिकेतल्या पंचावन्नाव्या दुरुस्तीपर्यंतचं सगळं त्यात आहे, आणि त्यावर डेबियनची पहिली बांधणी. डेबियन १३ मध्ये ही पद्धत बदलली. आता नावातच ६.१२.४१+डेब१३ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. हा बदल मला मनापासून आवडला.

मशीनवर एकूण कुठले कर्नल बसवलेले आहेत हे पाहायला डेबियन-उबुंटूवर 'डीपीकेजी -एल | ग्रेप लिनक्स-इमेज', आणि फेडोरावर 'आरपीएम -क्यू कर्नल'. यादीत एकच कर्नल दिसला तर अपडेटपूर्वी जास्त सावध राहा.

कर्नल येतो कुठून

लिनस टॉरवल्ड्स साधारण नऊ-दहा आठवड्यांनी मुख्य शाखेची नवी आवृत्ती काढतात. पहिले दोन आठवडे नवं काम आत घेतलं जातं. मग दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती येते, आणि सातव्या किंवा आठव्या चाचणीनंतर पक्की. पक्क्या आवृत्तीतल्या पुढच्या दुरुस्त्या स्टेबल शाखेत जातात. ते काम ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेविन पाहतात. वर्षातून एका आवृत्तीला दीर्घ मुदतीचा आधार मिळतो: ५.१०, ५.१५, ६.१, ६.६, ६.१२ या त्यातल्या.

पहिला आकडा बदलला म्हणजे काही मोठं घडलं, असं समजू नका. ५.१९ नंतर ६.० आला तो दुसरा आकडा फार वाढला म्हणून. ४.२० नंतर ५.० आणि ३.१९ नंतर ४.० हेही तसंच.

या प्रवाहातून तुमची डिस्ट्रो कधी आणि किती पाणी घेते, यावर पुढचं सगळं ठरतं.

डेबियन स्थिर आवृत्ती काढताना दीर्घ मुदतीची एक मालिका निवडते आणि शेवटपर्यंत ती सोडत नाही. ११ मध्ये ५.१०, १२ मध्ये ६.१, १३ मध्ये ६.१२. डेबियन १२ वर नेहमीच्या अपडेटनं ६.१२ कधीच येणार नाही; हवाच असेल तर बॅकपोर्ट्सच्या, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या, वेगळ्या रिपॉझिटरीतून तो मुद्दाम घ्यावा लागतो. ज्यावर मुलांचे प्रकल्प साठवलेले आहेत त्या सर्व्हरला मला हेच हवं असतं.

फेडोराचं उलट आहे. तीच फेडोरा आवृत्ती वापरत असलात तरी तिच्या आयुष्यात कर्नल पुढच्या मालिकांमध्ये सरकत जातो. नवी मालिका देण्याआधी फेडोरा कर्नल चाचणी सप्ताह घेते. हाताशी जास्तीचं मशीन असेल तर त्यात जरूर भाग घ्या. तुमच्या हार्डवेअरवरचा दोष तिथे आधीच पकडला गेला, तर तो बाकीच्यांपर्यंत पोचतच नाही.

उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत दोन रुळ असतात, आणि प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पहिला रुळ जीए, म्हणजे आवृत्ती निघाली तेव्हाचा कर्नल: २२.०४ साठी ५.१५, २४.०४ साठी ६.८. तो पाच वर्षं दुरुस्त होत राहतो. दुसरा रुळ एचडब्ल्यूई, नव्या हार्डवेअरसाठीचा. त्यात मधल्या उबुंटू आवृत्त्यांचे कर्नल क्रमानं येतात. २२.०४ वर ५.१९, ६.२, ६.५ आणि शेवटी ६.८ आला. २४.०४ वर ६.११ आणि मग ६.१४ आला. या रुळावर पुढचा कर्नल आला की आधीच्याचा आधार संपतो, त्यामुळे "मी ६.११ वरच थांबतो" असं म्हणता येत नाही. डेस्कटॉपवर सहसा एचडब्ल्यूई बसतो, सर्व्हरवर आपण वेगळं निवडलं नाही तर जीए. म्हणून एकाच खोलीत, एकाच २४.०४ च्या दोन मशीनवर वेगळे कर्नल दिसतात. तुमचा रुळ कुठला हे मेटापॅकेज (स्वतः रिकामं, पण नेमका कर्नल ओढून आणणारं पॅकेज) सांगतं: 'लिनक्स-जेनेरिक' बसवलेलं असेल तर जीए, 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४' असेल तर एचडब्ल्यूई. मशीन जुनं आणि सगळं नीट चालत असेल तर माझी निवड जीए. नव्या लॅपटॉपचं वायफाय किंवा ग्राफिक्स ओळखलं जात नसेल तर एचडब्ल्यूई.

आर्च थेट स्टेबल शाखा उचलते. तिथे एक गोष्ट आधीच माहीत हवी: अपडेट होताना जुना कर्नल आणि त्याची मॉड्यूलं डिस्कवरून जातात. मेमरीत मात्र जुनाच कर्नल चालू असतो. मग पेनड्राइव्ह लावला आणि त्याला लागणारं मॉड्यूल आधी लोड झालेलं नसलं, तर तो ओळखला जात नाही. पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो, रीबूट राहिलेला असतो. आर्च वापरणाऱ्यांनी 'लिनक्स-एलटीएस' हे दीर्घ मुदतीच्या कर्नलचं पॅकेज सोबत बसवून बूट मेनूत त्याची नोंद करून ठेवावी. ओपनसूसे नवा, त्याच्या आधीचा आणि चालू असे कर्नल आपणहून राखते, त्यामुळे तिथे ही काळजी कमी.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये ४.१८ आहे, ९ मध्ये ५.१४. मूळ ४.१८ हा २०१८ सालचा. पण रेड हॅटचे अभियंते वर्षानुवर्षं नव्या कर्नलमधल्या दुरुस्त्या, ड्रायव्हर, कधी अख्ख्या सोयी मागे आणून त्यात बसवतात. वासे तेच, कौलं नवी. नुसता ४.१८ हा आकडा बघून त्या मशीनला असुरक्षित म्हणणं चुकीचं आहे.

आकड्यावरून निकाल देऊ नका

याचं चांगलं उदाहरण मार्च २०२२ मधलं आहे. मॅक्स केलरमन यांनी 'डर्टी पाइप' नावाचा दोष जाहीर केला, सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२२-०८४७. साधं खातं असलेला कुणीही फक्त वाचण्याची परवानगी असलेल्या फाइलमध्ये लिहू शकत होता आणि त्यातून रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊ शकत होता. जिथे रोज पन्नास मुलं त्याच मशीनवर लॉगिन करतात, तिथे हे फार गंभीर.

दोष ५.८ मध्ये शिरला होता. त्यामुळे उबुंटू २०.०४ च्या जीए रुळावरची ५.४ ची मशीन सुरक्षित होती, आणि त्याच २०.०४ च्या एचडब्ल्यूई रुळावरची ५.१३ ची मशीन धोक्यात. नवा आकडा धोक्यात, जुना सुरक्षित! मूळ ५.१० मालिकेत दुरुस्ती ५.१०.१०२ मध्ये आली. डेबियन ११ नं मात्र तेवढीच दुरुस्ती आपल्या ५.१०.९२-२ मध्ये घालून दिली. नुसते आकडे ताडून पाहिले असते तर ९२ हा १०२ पेक्षा लहान म्हणून दुरुस्त मशीनही धोक्यात धरलं गेलं असतं.

म्हणून एखाद्या दोषाची बातमी वाचली की त्याचा सीव्हीई क्रमांक घ्या आणि तुमच्या डिस्ट्रोच्या सुरक्षा पानावर शोधा. डेबियनचा सिक्युरिटी ट्रॅकर प्रत्येक आवृत्तीसमोर दोष आहे की दुरुस्त झाला हे लिहितो, उबुंटूचंही तसं पान आहे. पॅकेजमधली बदलांची नोंद 'एपीटी चेंजलॉग' नंतर पॅकेजचं नाव देऊन वाचता येते. मी ती वाचते. सगळं कळत नाही, पण आपल्याकडच्या नेटवर्क कार्डाचं किंवा फाइल सिस्टिमचं नाव आलं की तिथे नजर थांबते.

डिसेंबर २०२३: स्थिर शाखाही घसरते

अपडेट तातडीनं द्यावा, असं वरच्या उदाहरणावरून वाटेल. आता दुसरी बाजू.

शनिवारी, ९ डिसेंबर २०२३ ला, डेबियन १२.३ निघायची होती. तिच्यातला कर्नल ६.१.६४-१, पॅकेजच्या नावात ६.१.०-१४. तेव्हाच लक्षात आलं की या कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवरचा डेटा खराब होऊ शकतो. डेबियननं इन्स्टॉलेशनच्या प्रतिमा थांबवल्या आणि सध्या अपडेट करू नका असं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, ६.१.६६ असलेली १२.४ आली. १२.३ च्या प्रतिमा निघाल्याच नाहीत.

कारण समजून घेण्यासारखं आहे. ईएक्सटी४ मधली एक दुरुस्ती मुख्य शाखेतून मागे ६.१ मध्ये आणली गेली. मुख्य शाखेत ती आयओमॅप या भागातल्या दुसऱ्या एका बदलावर टेकलेली होती, आणि तो बदल ६.१ मध्ये नव्हता. दुरुस्ती बरोबर होती, पण तिचा आधार मागे राहिला. जुन्या कर्नलमध्ये नव्या दुरुस्त्या आणण्याच्या कामातला हा नेहमीचा धोका आहे. हे काम करणारी माणसं किती बारकाईनं करतात हे मी त्यांच्या नोंदी वाचून जाणते, तरीही हे होऊ शकतं.

त्या शनिवारी कॉलेजचा सर्व्हर ६.१.०-१३ वर होता, कारण सर्व्हरला कर्नल अपडेट मी निघाल्या दिवशी देत नाही. माझा नियम असा आहे: एका मशीनवर आधी, तेही ज्यावर कुणाचं काम साठलेलं नाही. तिथे दोन-तीन दिवस नीट चाललं की मुलांची मशीन, आणि शेवटी सर्व्हर. डर्टी पाइपसारखा, लॉगिन करणाऱ्या कुणालाही रूट करणारा दोष असेल तर हा क्रम मी त्याच दिवसात उरकते. वाट पाहायची ती दिवसांची, महिन्यांची नाही.

अपडेट देताना

आधी बूट विभागातली जागा बघा: 'डीएफ -एच /बूट'. बूटसाठी वेगळा लहान विभाग केलेला असेल तर तो तीन-चार कर्नलमध्ये भरतो, आणि नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस प्रतिमा (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टिम) अर्धीच लिहिली जाते. असा कर्नल मेनूत दिसतो पण चढत नाही. जागा करायला बूटमधल्या फाइली हातानं कधीही पुसू नका, पॅकेज व्यवस्थापकाला ते कळत नाही. 'एपीटी ऑटोरिमूव्ह' द्या; चालू कर्नल आणि सगळ्यात नवा कर्नल तो राखतो.

मग वीज. आमच्याकडे जूनपासून वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि इनिटरॅमएफएस तयार होत असताना मशीन बंद पडणं हे सगळ्यात वाईट. यूपीएसची बॅटरी धड नसेल तर पावसाळी दुपारी कर्नल अपडेट करू नका. झालंच असं, तर जुन्या कर्नलनं बूट करा आणि क्रमानं 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' आणि 'अपडेट-ग्रब' द्या, तिन्ही सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या हक्कानं. बहुतेक वेळा एवढ्यानं मशीन ताळ्यावर येतं.

डेबियन-उबुंटूवर 'एपीटी-गेट अपग्रेड' आणि 'एपीटी अपग्रेड' यांत फरक आहे. पॅकेजच्या नावातला क्रमांक बदलला की नवा कर्नल हे नवंच पॅकेज ठरतं, आणि 'एपीटी-गेट अपग्रेड' नवं पॅकेज बसवत नाही. ते 'केप्ट बॅक' असं म्हणून पुढे जातं. जुन्या सवयीनं ही आज्ञा वर्षभर देणाऱ्यांचा कर्नल वर्षभर जागचा हलत नाही. 'एपीटी अपग्रेड' वापरा. आणि डेबियनवर 'लिनक्स-इमेज-एएमडी६४', उबुंटूवर तुमच्या रुळाचं मेटापॅकेज बसवलेलं आहे का ते पाहा. तेच नव्या कर्नलला ओढून आणतं. जागा करताना ते चुकून काढलं गेलं तर अपडेट येणं गुपचूप थांबतं.

बाहेरचे ड्रायव्हर असतील, म्हणजे एनव्हिडियाचा किंवा एखाद्या वायफाय डोंगलचा, तर ते प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधले जातात. ते काम डीकेएमएस करतं. रीबूटच्या आधी 'डीकेएमएस स्टेटस' द्या आणि नव्या कर्नलच्या नावासमोर 'इन्स्टॉल्ड' आहे ना ते बघा. नसेल तर बहुधा नव्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) बसलेले नाहीत. 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' किंवा उबुंटूवर 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' बसवा. आमच्याकडे काही डोंगल असे आहेत की त्यांचा ड्रायव्हर नव्या मालिकेवर बांधलाच जात नाही. ती मशीन मी जीए रुळावर ठेवली आहेत आणि पुढच्या खरेदीत ड्रायव्हर कर्नलमध्येच असलेलं हार्डवेअर मागितलं आहे. सिक्युअर बूट (सही नसलेला कर्नल-कोड चढू न देणारी सोय) चालू असेल तर अशा मॉड्यूलवर तुमच्या किल्लीची सही लागते. ती किल्ली एकदा मशीनच्या यादीत नोंदवावी लागते, रीबूटनंतर येणाऱ्या निळ्या पडद्यावर. तो पडदा बघून घाबरून पुढे जाऊ नका, आधी ठरवलेला पासवर्ड तिथे द्यायचा असतो. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा संदेश आला तर नोंदणी राहिली आहे असं समजा.

नंतर रीबूट. नवा कर्नल डिस्कवर बसला म्हणजे चालू झाला असं नाही. महिनोन्‌महिने न थांबलेला सर्व्हर दुरुस्त कर्नल डिस्कवर ठेवून सदोष कर्नलवर चालत असतो. उबुंटूचं लाइव्हपॅच आणि रेड हॅटचं केपॅच गंभीर दोष चालू कर्नलमध्येच बुजवतात, पण ते रीबूट पुढे ढकलण्यापुरतं. रीबूटनंतर 'युनेम -आर' आणि 'युनेम -व्ही', आणि मग 'जर्नलसीटीएल -के -बी -पी ईआरआर'. ही शेवटची आज्ञा कर्नलच्या फक्त चुका दाखवते. अपडेटपूर्वीची यादी जपून ठेवली असेल तर नवीन काय आलं ते लगेच दिसतं.

नवा चढला नाही तर

मशीन चालू होताना कर्नल चढवणारा प्रोग्राम म्हणजे ग्रब. त्याच्या मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा आणि आधीचा कर्नल निवडा. उबुंटूवर एकटीच प्रणाली असेल तर मेनू लपलेला असतो. मशीन चालू होताना एस्केप दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट. ऐनवेळी मुलांना हे जमत नाही, म्हणून आमच्या सगळ्या मशीनवर मी 'ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब' या फाइलमध्ये टाइमआउट स्टाइल 'मेनू' आणि टाइमआउट ५ करून 'अपडेट-ग्रब' दिलेलं आहे. बूट होताना पाच सेकंद जातात. जाऊ देत.

जुन्यावर आलात की 'जर्नलसीटीएल -के -बी -१' द्या. नोंदी डिस्कवर राखल्या जात असतील तर आधीच्या, फसलेल्या बूटच्या नोंदी दिसतील. मग दुरुस्ती येईपर्यंत मेटापॅकेज थांबवा: 'एपीटी-मार्क होल्ड लिनक्स-इमेज-एएमडी६४'. उबुंटूवर तुमच्या रुळाचं इमेज, हेडर्स आणि जेनेरिक अशी तिन्ही नावं द्या. फेडोरावर कुठला कर्नल आपोआप चढावा हे 'ग्रबी --सेट-डीफॉल्ट' नंतर बूटमधल्या त्या कर्नलच्या फाइलचा मार्ग देऊन ठरवता येतं. होल्ड लावलेल्या दिवशीच तो कधी काढायचा ते फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर सुरक्षा दुरुस्त्याही अडून बसतात. काढायला 'एपीटी-मार्क अनहोल्ड', आणि काय काय अडवलंय ते पाहायला 'एपीटी-मार्क शोहोल्ड'.

फेडोरा एका वेळी तीन कर्नल राखते. डीएनएफ या तिच्या पॅकेज व्यवस्थापकाच्या कॉन्फ फाइलमधली 'इन्स्टॉलओन्ली लिमिट' ही ओळ ते ठरवते. चौथा आला की सगळ्यात जुना जातो, पण चालू असलेला कधीच नाही. ज्यांच्या लॅपटॉपवर एखादा जुना कर्नलच नीट चालतो, त्यांनी ही संख्या पाच करावी आणि बूट विभागातली जागा पुन्हा मोजावी.

दोष कळवताना डिस्ट्रोच्या बगट्रॅकरवर शेवटचा चांगला चाललेला कर्नल आणि पहिला बिघडलेला कर्नल, दोन्हींच्या 'युनेम -आर' आणि 'युनेम -व्ही'च्या पूर्ण ओळी द्या. मधल्या कुठल्या बदलानं घात केला हे शोधणाऱ्याला सगळ्यात आधी तेच लागतं, आणि जुना कर्नल तुमच्या डिस्कवर अजून असेल तरच त्या चांगल्या कर्नलच्या ओळी तुम्हाला देता येतात.